ईनॉकची जांभई

१

बुधवारी संध्याकाळपर्यंत आमच्या क्रॉसवर बारा नावं होती. गुरुवारी सकाळी तेरा झाली.

ते पहिल्यांदा पाहिलं अ‍ॅबेल टिप्टनने. अ‍ॅबेल चर्चचं आवार झाडायचा, कबरी खणायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या चौकशा करायचा. त्या दिवशी पानं झाडत झाडत तो स्मारकापाशी आला, वर पाहिलं आणि झाडू तिथंच टाकून पाद्री व्हेनेबल्सांच्या दारात जाऊन उभा राहिला. पाद्रीबाबा अर्धं खाल्लेलं अंडं ताटलीत टाकून त्याच्यामागे निघाले. मी तेव्हा सायकलवरून फाटकासमोरून चालले होते. त्यांनी हात केला म्हणून मी उतरले.

हे १९३६च्या नोव्हेंबरातलं. मी एल्डरहोपची नर्स होते, एकतीस वर्षांची. आता त्र्याऐंशीची आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण त्या दगडावरची अक्षरं डोळे मिटले तरी दिसतात.

क्रॉस आमच्याकडच्या तांबड्या वाळूच्या दगडाचा. पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या मुलांची नावं त्याच्या चौथऱ्यावर अक्षरक्रमाने कोरलेली होती. त्यात ‘डब्ल्यू. ओकली’ आणि ‘एच. प्रेंटिस’ या दोन नावांमध्ये एका ओळीएवढी जागा मोकळी होती. गाव तिला ‘ईनॉकची जांभई’ म्हणायचं. ईनॉक ग्विलियम या पाथरवटाने १९२१ साली क्रॉस घडवला, आणि मापं घेताना त्याचा डोळा लागला, अशी ती गंमत होती. गावात नवं माणूस आलं की त्याला पहिल्या आठवड्यात ती जांभई दाखवायची रीत होती. मलाही दाखवली होती. त्या गमतीवर कधीही न हसलेली माणसं मला दोनच माहीत होती: एक ईनॉक, आणि दुसरे स्मारक समितीचे अध्यक्ष मेजर प्रेंटिस.

आता त्या जांभईत एक नाव होतं. जे. पिनॉक.

जेम पिनॉक कोण हे कुणाला विचारायची गरज नव्हती. तो १९१९ साली लढाईवरून हातीपायी धड परत आला. पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी बुटांसकट गिरणीच्या तळ्यात चालत गेला. क्रॉसवर कोणाची नावं घालायची हे ठरत होतं तेव्हा मेजर म्हणाले होते की, युद्धाने ज्यांना मारलं त्यांच्यासाठी हा क्रॉस आहे, आपल्या हाताने गेलेल्यांसाठी नाही. खालचं ‘एच. प्रेंटिस’ म्हणजे त्यांचा ह्यू. एकुलता एक.

जेमची आई हेस्टर एकाहत्तर वर्षांची होती आणि चर्चच्या धर्मादाय खोल्यांपैकी फाटकापासून दुसऱ्या खोलीत राहायची. बुधवारी दुपारी ती बादली घेऊन क्रॉसपाशी गुडघे टेकून बसलेली अ‍ॅबेलला दिसली होती. हे त्याने मला सांगितलं, पण त्याआधी मेजरांना सांगून आला होता.

२

मेजर साडेनऊला आले. त्यांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. हातमोजे न काढता त्यांनी नाव वाचलं, आणि मला वाटलं, त्यांना राग येण्याआधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं. मग ते पाद्रीबाबांना म्हणाले की, धर्मादाय खोल्यांच्या विश्वस्तांची बैठक शनिवारी तीनला आहे. चर्चच्या मालमत्तेची नासधूस करणाऱ्याला खोली सोडावी लागते, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. सोमवारी शहरातून पाथरवट येईल आणि हे नाव छिलून काढील.

“तिने कबूल केलं तर मी पोलिसांत जाणार नाही,” ते म्हणाले. “पण खोली जाईल.”

खोली गेली की हेस्टरआजीला टेकडीपलीकडच्या निराधारांच्या घराशिवाय जागा नव्हती. तिथं मी दर महिन्याला जायचे. चाळीस खाटांची एक खोली, आणि पलंगाखाली स्वतःचं म्हणायला एक पेटी. हेस्टरआजीसारखी माणसं तिथं पहिला हिवाळा काढत नसत.

मेजर गेल्यावर पाद्रीबाबांनी मला बाजूला घेतलं. “ऑलिव्ह, तू सगळ्या घरांत जातेस. पोलीस आला तर लोक दार लावतील. तू आलीस तर जीभ बाहेर काढून दाखवतील. शनिवारपर्यंत काय कळतंय बघ.”

मी आधी दगडच बघितला. नव्या नावाच्या कडा धारदार होत्या, कालच कोरल्यासारख्या. बाकीच्या नावांच्या कडा पंधरा वर्षांच्या पावसाने गोल झालेल्या. पण पायरीवर दगडाची एक ढलपीही नव्हती. गवताच्या मुळाशी फक्त चिमूटभर पांढरट तांबूस भुगा होता. तो मी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून घेतला.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या वळणाची. जे. पिनॉकमधल्या ‘जे’ची शेपटी विळ्यासारखी आत वळलेली होती. वरच्या ‘जे. बाउन’मध्ये हुबेहूब तीच शेपटी. तसा ‘जे’ आमच्या पंचक्रोशीत एकच माणूस काढायचा, ईनॉक.

तिसरी गोष्ट मी पाहिली, पण तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. नोव्हेंबरात एका रविवारी युद्धात गेलेल्यांची नावं क्रॉसपाशी वाचली जातात; त्या स्मरणाच्या रविवाराआधीच्या बुधवारी मुलांच्या आया येऊन आपापलं नाव धुतात, ही आमच्याकडची चाल. गरम पाणी, साबण, नखांचा ब्रश. त्यामुळे गुरुवारी सकाळी हिरवट दगडावर प्रत्येक नावाभोवती एकेक उजळ गोल दिसतो. त्या दिवशी ह्यूच्या नावाभोवतीचा गोल वर सरकत जाऊन जेमच्या नावालाही पोटात घेत होता. मध्ये सीमारेषा नव्हती.

मग मी हेस्टरआजीकडे गेले. ती चुलीपाशी बसली होती, अंगावर बाहेरचा कोट.

“तूही तेच विचारायला आलीस ना, पोरी?”

मी म्हटलं, पायाची सूज बघायला आले. तिने पाय पुढे केला आणि न विचारता सांगून टाकलं. हो, बुधवारी ती क्रॉसपाशी होती. दरवर्षी असते. ज्यांच्या पोरांची नावं आहेत त्या नावं धुतात. तिला धुवायला नाव नाही म्हणून ती पायऱ्या धुते. रविवारी इतके बूट त्यावरून जाणार, कुणीतरी धुवायला हव्यात. पंधरा वर्षं धुतेय, कुणी कधी विचारलं नाही. यंदाच सगळ्यांना नवल वाटतंय.

तिने चहाचं आधण ठेवलं. मी चहाचा डबा काढायला फळीवर हात घातला, तर डब्यामागे तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. मी ते उघडलं. आत छिन्नी होती, आणि तिची धार चकचकत होती.

३

“नवऱ्याची आहे,” हेस्टरआजी म्हणाली. “खाणीत होता तो. दर शनिवारी तेल लाव, असं सांगून गेला. लावते.”

मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता, पण तो नीट बसेना. मी विचारलं, तुम्ही ते नवं नाव पाहिलंत का. तिने छिन्नी माझ्या हातातून घेऊन पुन्हा फडक्यात गुंडाळली.

“पाहून काय करू? मला वाचता कुठं येतं. लोक म्हणतात तिथं जेम आहे. खरंच आहे का गं?”

मी हो म्हटल्यावर तिने किटली उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, ते दुकानात पोचेपर्यंतच. तिथं गावाने तोवर सगळं जुळवलं होतं. म्हातारीला लिहिता येत नाही? मग शाळेच्या मास्तरने कागदावर काढून दिलं असणार, ईनॉकने कोरलं असणार आणि म्हातारी पहाऱ्यावर बसली असणार. मी आत शिरले तशी बोलणी थांबली. त्या दोन दिवसांत असंच होतं. दूधवाला हेस्टरआजीचं दार ओलांडून पुढे जायचा, समोरच्या खिडकीचा पडदा मी सायकल टेकवली की हलायचा, आणि ज्यांची बाळंतपणं मी केली त्या बायका माझ्याकडे, हिला नक्की ठाऊक आहे पण सांगत नाही, अशा नजरेने बघायच्या.

मेजरांकडच्या स्वयंपाकीणबाई, मिसेस डॅबनी, तेवढ्या बोलत होत्या, कारण त्यांना गप्प बसणं जमत नसे. त्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या घेत होत्या. लाल कोबीचं लोणचं यंदा उशिरा पडणार. घरात बाटली आणावी, तर आठवड्यात हवेत विरते. ती कामाला आलेली नवी पोरगी पीत असावी, दुसरं काय. आणि नर्सबाई, बाईसाहेबांच्या बोटांच्या भेगांना ते मलम आणखी एक डबी द्या बरं का, आधीचं संपलं.

मी डबी दिली आणि शाळेत गेले.

फॅलोज मास्तर जेमच्याच पलटणीत होते. दोन वर्षांपूर्वी जेमचं नाव घाला म्हणून त्यांनी मेजरांना पत्र लिहिलं होतं आणि त्यांना दोन ओळींचं उत्तर आलं होतं. बुधवारी दुपारभर ते मुलांकडून तांबड्या कागदी फुलांचं चक्र करून घेत होते, सहापर्यंत. तीस मुलं साक्षीला.

“मी कोरलं असतं, तर रविवारी सगळ्यांच्या नाकासमोर कोरलं असतं,” ते म्हणाले. “लपूनछपून करायला काय, चोरी आहे?”

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. खडूचे हात कोटाला पुसत म्हणाले, “एक सांगतो. जेम कसा होता, हे या गावात मला दोघींनीच विचारलंय. एक त्याची आई. दुसरीचं नाव सांगणार नाही. शब्द दिलाय.”

४

शुक्रवारी सकाळी ईनॉककडे गेले. त्याच्या नडगीला जखम होती, दर शुक्रवारी पट्टी बदलायची असायची. वय शहात्तर. उजवा हात असा थरथरायचा की चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागे, आणि तोही तो दोन्ही हातांनी धरायचा. सहा वर्षांत त्याने छिन्नी उचललेली नव्हती. उचलली असती, तर नाव नाही, नुसते ओरखडे उठले असते.

“ईनॉकबाबा, तुमचं वळण तुम्ही कुणाला शिकवलंत का?”

“कुणाला शिकवू? एकाला शिकवायला घेतला, तर तो म्हणाला दगड फार कठीण असतो. पोस्टात लागला.”

म्हणजे अक्षरं त्याच्याच हातची, आणि त्या हाताने ती कोरली जाणं अशक्य. मी पट्टी गुंडाळत विचार करत होते. बोलायचं म्हणून बोलले, की आता तुमची जांभई मिटली, गावाला नवी गंमत शोधावी लागणार.

“माणसाला झोप येते,” ईनॉक म्हणाला.

माझा हात थांबला. हाच ईनॉक एकदा पाव इंच चुकला म्हणून शेतकऱ्याची अख्खी देवडी स्वखुशीने उतरवून पुन्हा बांधून आला होता. एक कबरीचा दगड वाकडा दिसतो असं अ‍ॅबेल म्हणाला, तर ईनॉक त्याच्याशी दोन वर्षं बोलला नव्हता. आणि गावाच्या मध्यावर, सगळ्यांच्या तोंडी असलेली ही एक चूक मात्र त्याने पंधरा वर्षं निमूट ऐकून घेतली होती.

“तुम्ही झोपला नव्हतात,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “पट्टी सैल बांधलीयस, नर्सबाई.”

मी घरी आले. डबीतला भुगा बशीत ओतला आणि त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. भुगा फसफसला. मग परसातल्या भिंतीचा तांबडा दगड थोडा खरवडून त्यावर टाकले. काही झालं नाही. दगडाची पूड फसफसत नाही, चुना फसफसतो.

मी टेबलाशी बसून राहिले. त्या भुग्यात चुना होता, दगडाच्या रंगाशी जुळावा म्हणून दगडाची पूड कालवलेला. म्हणजे बुधवारी कुणी काही कोरलंच नव्हतं. जेमचं नाव पहिल्या दिवसापासून तिथं होतं, अक्षरांत चुना भरून बुजवलेलं, पावसापासून जपलेलं. म्हणून कडा धारदार होत्या. म्हणून ढलप्या नव्हत्या. पंधरा वर्षं आम्ही त्या नावासमोर टोप्या काढून उभे राहत होतो आणि त्याला जांभई म्हणून हसत होतो.

पण चुना आपोआप असा एका दुपारात, कानाकोपऱ्यातून स्वच्छ निघत नाही. तो कुणीतरी काढला होता. मग मला तो गोल आठवला, दोन नावांना पोटात घेणारा. आणि हवेत विरणाऱ्या बाटल्या आठवल्या.

५

शनिवारी अकराला मी मेजरांच्या घरी गेले. मेजर शेताकडे गेले होते. मिसेस प्रेंटिस मागच्या ऊन येणाऱ्या खोलीत एकट्या विणत बसल्या होत्या. मी म्हटलं, बोटं बघू.

त्यांनी हात पुढे केला. पेरापेरांवर भेगा, आणि नखांच्या कडांना बारीक तांबडी पूड, साबणाने न निघालेली.

“व्हिनेगरने भेगा भरत नाहीत, बाईसाहेब,” मी म्हटलं.

त्यांनी हात काढून घेतला नाही. थोड्या वेळाने बोलू लागल्या. दोन वर्षांपूर्वीच्या बुधवारी ह्यूचं नाव धुताना तोल सांभाळायला त्यांनी डावा हात वरच्या मोकळ्या जागेवर टेकवला होता. हातमोजा काढलेला होता. दगडात कसलीशी खाच लागली. दगडाला तडा गेला असेल, असं आधी वाटलं. पुढच्या वेळी त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं, आणि त्या खाचेला विळ्यासारखी शेपटी होती.

“बारा-तेरा वर्षं, नर्स,” त्या म्हणाल्या, “माझ्या मुलाचं नाव धुताना मी दुसरीच्या मुलाच्या तोंडावर हात दाबून बसत होते.”

त्यानंतर दर शुक्रवारी फुलं ठेवायला जाताना त्या बाटली नेऊ लागल्या. चुना हळूहळू मऊ करत, वरचा पापुद्रा मात्र राखत. या बुधवारी सगळ्या आया चहाला घरी गेल्यावर बाजूच्या छोट्या फाटकाने आत शिरल्या आणि विणायच्या सुईने अर्ध्या तासात सगळी अक्षरं मोकळी केली. मास्तरांना जेमबद्दल विचारणाऱ्याही त्याच.

“मला वाटलं, गावाला आनंद होईल,” त्या म्हणाल्या. “निदान कुणी विचारेल, आणि मी सांगेन. पण गुरुवारी नाश्त्याला आमच्या रोलंडनी पहिलंच वाक्य उच्चारलं ते हेस्टरबद्दल. मग माझ्या तोंडून शब्द निघेना. तुम्ही ओळखता ना त्यांना.”

मी म्हटलं, हेस्टरआजीने काल खोलीतलं सामान बांधलं. सामान म्हणजे काय, एक गाठोडं आणि ती छिन्नी. मी तीन वाजता दगडाबद्दल मला जेवढं कळलंय तेवढं सांगणार आहे. चुना कुणी काढला हे सांगणार नाही, ते माझं नाही. पण तो प्रश्न मेजर विचारतीलच, आणि उत्तर मिळालं नाही तर ते हेस्टरचाच हात धरतील.

त्या उठून खिडकीशी गेल्या. पाठ माझ्याकडे.

“तीन वाजता ना?” एवढंच म्हणाल्या. येते म्हणाल्या नाहीत.

६

चर्चच्या मागच्या लहान खोलीत मेजर, पाद्रीबाबा आणि गिरणीवाले ओकली बसले होते. ओकलींच्या भावाचं नाव जांभईच्या वरच होतं. हेस्टरआजी कोट घालून खुर्चीच्या कडेला बसली होती. खोलीची किल्ली तिने रुमालात बांधून आणली होती. ईनॉकला अ‍ॅबेलने हातगाडीवर बसवून आणलं. दोघं वाटेत एक शब्द बोलले नव्हते.

मी बशी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं: ढलप्या नाहीत, धारदार कडा, ईनॉकचं वळण, ईनॉकचा हात. भुग्यावर व्हिनेगर टाकून दाखवलं. बुडबुडे विरेपर्यंत ओकली बशीवर वाकून बघत होते.

मग मेजर ईनॉककडे वळले. “मी तुला ते नाव काढून टाकायला सांगितलं होतं.”

म्हणजे मेजरांना माहीत होतं. त्या गमतीवर ते का हसत नसत, हे तेव्हा कळलं. क्रॉसचं अनावरण व्हायच्या तीन दिवस आधी त्यांनी ईनॉकच्या कारखान्यात ते नाव पाहिलं होतं. हेस्टरने पूर्वीच्या पाद्र्यांना मुलाचं नाव सांगितलं होतं, त्यांनी यादीत लिहिलं होतं, आणि समितीने नकार दिल्यावरही यादी तशीच ईनॉककडे गेली होती.

“नाही साहेब,” ईनॉक म्हणाला. “तुम्ही म्हणालात, हे मला दिसता कामा नये. पंधरा वर्षं दिसलं का? काढायचं, तर अख्खा दर्शनी भाग बोटभर तासावा लागला असता. एक नाव काढता येत नाही, साहेब. तुमच्या ह्यूचंही गेलं असतं. अजूनही जाईल. सोमवारी येणाऱ्याला विचारा.”

मेजरांनी बशी बाजूला सारली. मग म्हणाले, “चुना पुन्हा भरता येतो.”

“येतो. माझ्याकडून आता नाही होणार,” ईनॉकने थरथरता हात वर केला. “आणि तेव्हाही मी सिमेंट नव्हतं भरलं. चुनाच भरला. चुना कधी ना कधी निघतो.”

“कधी ना कधी नाही,” मेजर म्हणाले. “बुधवारी निघाला. कुणी काढला?”

त्यांची नजर हेस्टरवर गेली. हेस्टरने रुमालाची गाठ सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. मी दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं. पाद्रीबाबांनी घसा साफ केला. ओकलींनी टोपी फिरवली.

तेवढ्यात कडी वाजली. मिसेस प्रेंटिस आत आल्या, हातमोज्यांशिवाय. त्यांनी व्हिनेगरची बाटली टेबलावर ठेवली. शेजारी विणायची सुई ठेवली, तिच्या टोकाला अजून तांबडा भुगा होता.

“तुम्ही पुन्हा भरा, रोलंड,” त्या म्हणाल्या. “मी पुन्हा काढीन.”

मेजर सुईकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, कुणाला उद्देशून ते मला कळलं नाही, “तो परत आला होता. त्याला घरी यायला मिळालं होतं. आणि त्याने ते टाकून दिलं.”

उत्तर हेस्टरआजीने दिलं. “घरी नव्हता आला तो, साहेब. मला ठाऊक आहे ना, मी रोज जेवायला वाढत होते.”

मेजरांनी किल्ली दोन बोटांनी टेबलावरून हेस्टरसमोर सरकवली, टोपी उचलली आणि बाहेर गेले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा अजून उजेड होता. मिसेस प्रेंटिसनी हेस्टरआजीला क्रॉसपाशी नेलं, तिचं बोट आपल्या भेगाळलेल्या हातात धरलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं. हेस्टरआजीने ते तीनदा करायला लावलं. मागे हातगाडी ढकलत अ‍ॅबेल ईनॉकला सांगत होता की, तो कबरीचा दगड सरळच होता, बघताना आपलाच पाय खड्ड्यात होता.

७

रविवारी नावं मेजरांनीच वाचली, दरवर्षीसारखी. ओकलीपर्यंत आले आणि थांबले. कागदावर बाराच नावं होती, पण ते पुढे गेले नाहीत. ओळभर वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी मोकळा ठेवला. त्या वेळात हेस्टरआजी स्वच्छ आवाजात म्हणाली, “जेम पिनॉक.” मग मेजरांनी आपल्या मुलाचं नाव वाचलं.

पुढची सहा वर्षं हे असंच चाललं. सातव्या वर्षी हेस्टरआजी नव्हती. त्या रविवारी मेजर ओकलीपाशी थांबले, सगळ्यांनी वाट पाहिली, आणि ते नाव त्यांनी स्वतः उच्चारलं.

आता ती सगळी त्याच आवारात मातीखाली आहेत. जांभईची गंमत सांगणारंही कुणी उरलेलं नाही. आमचा तांबडा दगड पावसाला टिकत नाही; आज बरीचशी नावं बोटाने चाचपून वाचावी लागतात. ह्यू प्रेंटिसचं तर जवळजवळ गेलंच, त्याच्या आईने सगळ्यांत जास्त धुतलं म्हणून. शहरातून येणारे पाहुणे मला विचारतात की, या पिनॉककडे एवढं काय विशेष, की याचं एकट्याचं नाव अजून इतकं ठळक आहे. मी त्यांना सांगते की, तो पंधरा वर्षं उशिरा आला.